‘आमच्या घरात जातीचा विषयच निघत नाही’

पत्राचा सारांश: चोपडा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. घरी केळी आणि कापूस, स्वतः ताई तालुक्याच्या गावी नोकरी करतात. मुलगा आठ वर्षांचा, इंग्रजी शाळेत तिसरीला. मळ्यातल्या खोलीत पावरा या आदिवासी समाजाचं सालदार कुटुंब, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारं, राहतं. त्यांचा मुलगाही साधारण त्याच वयाचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. सुट्टीत दोघं दिवसभर एकत्र हुंदडायचे. गेल्या महिन्यात वाढदिवसाला शाळेतले मित्र घरी आले, तेव्हा सालदाराचा मुलगाही आला. केक वाटताना ताईंचा मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, “त्याला कागदावर द्या, ताटलीत नको. ते लोक घाण असतात.” एका मित्राने भिल्लांच्या नावाने काहीतरी जोडलं आणि सगळी पोरं हसली. तो मुलगा केक न घेता निघून गेला आणि तेव्हापासून ओट्यावर फिरकलेला नाही. ताई विचारतात, “आमच्या घरात जातीचा विषयच निघत नाही, मग हे आलं कुठून? शाळेतून? समजावायला जावं तर आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यात आपणच नको ते घालू अशी भीती वाटते. हे म्हणतात, पोरं आहेत, विसरतील. सासूबाईंना तर यात काही वावगं झालं असंच वाटत नाही. मी त्याला माफी मागायला लावू का?”

ताई,

तुमच्या पत्रात तुमच्या मुलाबद्दल दोन पानं आहेत आणि त्या दुसऱ्या मुलाबद्दल दोन ओळी. म्हणून मी सुरुवात त्याच्यापासून करते.

तो आठ वर्षांचा आहे. ज्याच्याबरोबर रोज खेळतो त्या मित्राच्या वाढदिवसाला तो आला, बहुतेक घरातला सगळ्यात चांगला शर्ट घालून आला असेल. अनोळखी पोरांनी भरलेल्या खोलीत त्याला घाण म्हटलं गेलं आणि खोली हसली. घरी जाऊन त्याने सांगितलं असेल किंवा नसेल. सांगितलं असेल तर त्याचे आईबाप तुमच्याकडे तक्रार घेऊन येऊ शकत नाहीत, कारण त्यांची चूल तुमच्या मळ्यावर पेटते. ते एवढंच म्हणाले असतील, “तिकडे जाऊ नको.” तुमचे यजमान म्हणतात तसं तुमचा मुलगा हे विसरेलही. तो मुलगा विसरणार नाही. ‘पोरं विसरतात’ हे आपण नेहमी बोलणाऱ्या पोराकडे बघून म्हणतो, ऐकणाऱ्याकडे बघून नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. हे आलं कुठून?

पत्राच्या शेवटाकडे, दुसरंच काही सांगताना, तुम्ही लिहिलं आहे की सालदाराच्या घरच्यांना पाणी द्यायचा स्टीलचा पेला ओट्याच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. तो पेला मला इथे बसून दिसतो. खान्देशातल्या कितीतरी ओट्यांवर मी तो पाहिला आहे. खिडकीच्या कोपऱ्यात पालथा घातलेला, काठाशी थोडा चेपलेला. माणूस उन्हातून येतो, ओट्याच्या पायरीशी थांबतो, पेला स्वतःच उचलतो, आजी तांब्यातून वरून पाणी ओततात. तो पितो, पेला विसळतो आणि पुन्हा पालथा घालून ठेवतो. यात कोणी कोणाला एक वाकडा शब्द बोलत नाही. कधी सोबत गूळ असतो, “ऊन लई शे” अशी विचारपूस असते. तुमचा मुलगा रांगायला लागल्यापासून हे बघतो आहे. घरातली बाकी सगळी भांडी एका मांडणीवर आणि हे एक बाहेर.

मुलांना कारण लागतं. ती जे बघतात त्याचा अर्थ लावल्याशिवाय राहत नाहीत, आणि मोठ्यांनी अर्थ सांगितला नाही तर स्वतः लावतात. भांडं वेगळं का ठेवतात? आठ वर्षांच्या डोक्याला सापडणारं सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे ‘ते घाण असतील.’ हे वाक्य त्याला शाळेत कोणी शिकवलं असेलच असं नाही. तुमच्या घरात जी रीत चालली आहे तिचं त्याने आपल्या परीने केलेलं स्पष्टीकरण आहे ते. आणि ताई, तर्क म्हणून ते चुकीचंही नाही. चूक त्या रीतीत आहे.

म्हणून ‘घरात विषयच निघत नाही’ हे तुमचं म्हणणं मला खरं वाटतं, पण त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ पटत नाही. विषय तोंडाने निघत नाही. पेला, बसायची जागा आणि हाक यांतून तो रोज निघतो. तुमचा मुलगा शेजारच्या दुकानदाराला काका म्हणत असेल. चाळिशीच्या सालदाराला काय म्हणतो? नावाने, अरे-तुरे करून हाक मारत असेल तर ते त्याने कोणाकडून उचललं, हे आधी बघा.

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९४० च्या आसपास एक साधा प्रयोग केला होता. तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या अगदी सारख्या, फरक फक्त रंगाचा. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असं विचारलं. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. या मुलांना समोर बसवून कोणी ‘काळं ते वाईट’ असा धडा दिला नव्हता. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवणं १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं, त्या खटल्यात हे काम मांडलं गेलं. मला यातली जास्त काळजीची गोष्ट ही वाटते की ज्यांना कमी लेखलं जात होतं त्याच मुलांनी ते स्वतःबद्दल मान्य केलं होतं. सालदाराच्या मुलानेही तो पेला तितकीच वर्षं पाहिला आहे.

आपल्याकडे यात रंगही मिसळतो. सुट्टीत उन्हात खेळून आलेल्या पोराला आपण किती सहज म्हणतो, “काळा पडलास, अगदी भिल्लासारखा दिसतोस.” एका वाक्यात रंग, जात आणि कमीपणा तिन्ही. १९७५ पासून गोरेपणाचं नाव लावून विकली जाणारी ‘फेअर अँड लव्हली’ २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाली, पण घरातल्या मावशा-आत्यांच्या तोंडची भाषा तशीच राहिली. मुलाला रंगाबद्दल सांगायचं ते सोपं आहे. कातडीत मेलॅनिन नावाचं द्रव्य असतं, ते उन्हापासून आपलं रक्षण करतं, कोणाकडे जास्त असतं कोणाकडे कमी, आणि त्याचा हुशारीशी किंवा स्वच्छतेशी काही संबंध नसतो. तिसरीतल्या मुलाला हे नीट कळतं.

बोलण्याआधी करायची गोष्ट म्हणजे तो पेला तिथून उचला. आज, उद्या नाही. सालदार किंवा त्याची बायको ओट्यावर आली की त्यांना बसायला सांगा, घरात पाहुण्याला देतो त्याच पेल्यातून पाणी द्या, आणि तो पेला इतरांच्या भांड्यांबरोबर तुम्ही स्वतः घासा. पहिल्या दिवशी ती माणसं संकोचतील, कदाचित खाली टेकतील, कदाचित पाणीच नको म्हणतील. आग्रहाचा तमाशा करू नका. रोज तसंच देत राहा. हे झाल्याशिवाय मुलाशी कितीही गोड बोललात तरी तो तुमच्या शब्दांपेक्षा खिडकीकडेच बघेल.

आणि सासूबाई? “त्यासले येगळा पेला दे” हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं असेल. मला खात्री वाटते की याच बाईने सालदारणीच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले असतील, पोराला ताप आला तर दवाखान्याला पैसे दिले असतील. माया आणि शिवाशिव एकाच घरात, एकाच हाताने चालते, म्हणून तर ती ओळखू येत नाही. त्यांना नातवासमोर वाईट ठरवू नका, पण त्यांच्या मायेच्या आड हा प्रश्न लपूही देऊ नका. एकट्या असताना सांगा: “आई, तुमचा नातू उद्या शिकायला जळगावला, पुण्याला जाईल. तिथे वर्गात सगळ्या समाजाची पोरं असतील. त्याच्या तोंडून असं काही निघालं तर लोक विचारतील, कोणी वाढवलं याला?” नातवाची काळजी हा त्यांच्याशी बोलायचा चांगला रस्ता आहे. एवढ्यानेही त्या बदलल्या नाहीत तर त्यांना त्यांच्यावर सोडा, पण रीत तुमच्या हाताने बदला. मुलाने विचारलं, “आजी तर वेगळं करते,” तर खरं सांगा: “आजीवर माझं प्रेम आहे. ही गोष्ट ती चूक करते.” ज्यांच्यावर प्रेम आहे ती माणसंही चुकतात, हे आठव्या वर्षी कळलेलं चांगलंच.

आता मुलाशी बोलणं. त्याला समोर उभं करून प्रवचन नको. शेंगा सोलताना, गाडीवर मागे बसवून मळ्यात जाताना, अशा वेळी पोरं जास्त बोलतात. आधी विचारा: “त्या दिवशी घाण म्हणालास, म्हणजे काय रे?” आणि गप्प बसा. तो म्हणेल, त्याचे हात चिखलाचे असतात, कपडे फाटके असतात, वास येतो. हे खोडून काढू नका, कारण त्याला जे दिसलं ते त्याला दिसलं. त्याला पुढचा प्रश्न विचारा. चिखल कुठला? आपल्याच केळीच्या बागेतला. आणि ज्या खोलीत ते राहतात तिथे नळ आहे का, न्हाणी आहे का?

हा प्रश्न मी तुम्हालाही विचारते आहे, ताई. नसेल, तर ती सोय करणं मालक म्हणून तुमच्या घराचं काम आहे. तिथे मोटर आहे, पाइप आहे, ठिबकला पाणी जातं. केळीच्या खोडापर्यंत पोचणारं पाणी माणसाच्या खोलीपर्यंत पोचत नसेल आणि मग त्याच माणसाला कोणी घाण म्हणत असेल, तर मुलाला समजवण्याआधी यजमानांशी बोलायची गोष्ट आहे ती.

नंतर त्याला जात म्हणजे काय ते नाव घेऊन सांगा. ‘सगळे सारखे असतात’ एवढं पुरत नाही, कारण त्याच्या डोळ्यांना सगळे सारखे राहताना दिसत नाहीत आणि तो तुम्हाला खोटं ठरवेल. मी असं काहीसं म्हणेन: “पुष्कळ लोकांना वाटतं की माणूस जन्मतःच वरचा किंवा खालचा असतो. त्याला जात मानणं म्हणतात. ते खोटं आहे, पण लोक फार जुन्या काळापासून तसं वागत आले आहेत, आणि त्यामुळे काहींना शाळा, जमीन, पाणी मिळालं नाही. आपल्या घरातही वेगळा पेला होता. तो आम्ही काढला. तू जे बोललास त्याने तुझ्या मित्राला तसंच दुखलं.” चार-पाच वाक्यं, बस्स. पुढचे प्रश्न तो विचारेल, आज नाही तर पंधरा दिवसांनी जेवताना. ‘डोक्यात नको ते घालतो आहोत’ ही तुमची भीती मला कळते, पण ते आधीच तिथे आहे. तुम्ही फक्त त्याला नाव देता आहात, म्हणजे त्याला ते ओळखता येईल.

मूल बारा-तेराचं असेल तर गप्पा वेगळ्या होतील. या वयाच्या पोरांच्या आईबापांची पत्रंही येतात, आणि त्यात ‘आरक्षणामुळे आमचं नुकसान’ हे वाक्य मुलांच्या तोंडी हमखास असतं. त्यांच्याशी इतिहासाने बोला, आणि तो आपल्याच मातीतला घ्या. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात दहातले जवळपास सात लोक आदिवासी होते, धुळ्यात तीनातला जवळपास एक. म्हणजे आपण ज्यांना ‘तिकडचे’ म्हणतो ते खान्देशचेच आहेत. १८५७-५८ मध्ये सातपुड्यात इंग्रजांशी लढलेले खाज्या नाईक भिल्ल होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा भागात सालदार आणि शेतमजूर मजुरीसाठी आणि हातची गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी उभे राहिले, त्यांचे पुढारी अंबरसिंग सुरतवंती भिल्ल समाजातलेच. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींचं नाव पोरांना माहीत असतं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं होतं, हे किती पोरांना सांगितलं जातं? आदिवासी म्हणजे फक्त मजूर किंवा होळीत नाचणारे, एवढंच चित्र मुलाकडे असेल तर त्यात भर घाला. तालुक्यात पावरा-भिल्ल शिक्षक, नर्स, ग्रामसेवक, वकील आहेत. त्यांच्याकडे कामाने जाताना मुलाला बरोबर न्या. मात्र ‘चल, तुला त्यांचा नाच दाखवतो’ म्हणून होळीच्या आधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराला नेऊ नका. तो त्यांचा सण आहे. बोलावणं असेल तर पाहुणे म्हणून जा.

माफीबद्दल. हो, मागायला हवी. पण मुलाला बखोटीला धरून “सॉरी म्हण” करायला लावलं तर तो त्या मित्रावरच चिडेल. तुम्ही दोघं नवरा-बायको त्याला घेऊन त्यांच्या खोलीवर जा. त्यांना ओट्यावर बोलावू नका, तुम्ही जा. आधी तुम्ही बोला, मोठ्यांनी मोठ्यांशी: “त्या दिवशी आमच्या घरात तुमच्या पोराचा अपमान झाला. आम्ही तेव्हाच थांबवायला हवं होतं.” मग मुलाला त्याच्या शब्दांत बोलू द्या. ते लोक लगेच म्हणतील, “जाऊ द्या बाई, पोरं शेत,” म्हणजे पोरंच आहेत. ते तुमच्या मळ्यात राहतात, दुसरं काय म्हणणार? त्याला क्षमा समजून मोकळं होऊ नका. आणि केकचा डबा, जुने कपडे, शंभराची नोट असलं काही हातात घेऊन जाऊ नका. अपमान झाला आहे, भूक लागलेली नाही.

जी पोरं हसली त्यांच्या आयांनाही एकेक फोन करा. तक्रार म्हणून नाही, “आमच्या घरी असं झालं, आम्ही मुलाशी बोललो, तुम्हीही बोला” एवढंच. काहींना आवडणार नाही. तरी करा.

मैत्री पुन्हा जुळेलच असं मी सांगू शकत नाही. त्या मुलाला यायचं नसेल तर तो त्याचा हक्क आहे. आलाच, तर दोघांना असं काम द्या ज्यात दोघांचीही गरज लागेल. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात बसवलं होतं आणि वर्गात सतत तेढ होती. इलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. आपला तुकडा त्यानेच इतरांना शिकवायचा. ज्याची टिंगल करायची त्याच्याकडूनच शिकल्याशिवाय पेपर सुटत नव्हता. हळूहळू टिंगल कमी झाली. तुमच्याकडे मळा आहे. कोंबड्यांचं खुराडं बांधा, वाफा करा, पतंग बनवा. अट एकच, तुमचा मुलगा मालक आणि तो हाताखालचा, असं होता कामा नये.

हे सदर त्या दुसऱ्या मुलाच्या जागी ज्यांची मुलं आहेत असे आईबापही वाचत असतील. शिरपूरचे शिक्षक असतील, नवापूरच्या नर्स असतील, पोराला शहरातल्या शाळेत घातलेले. तुम्हाला मी ‘मुलाला दुर्लक्ष करायला शिकवा’ असं सांगणार नाही. मूल असं काही ऐकून घरी आलं तर पहिलं वाक्य हे असू द्या: “चूक त्याची आहे, तुझी नाही.” नंतर काय झालं ते सगळं सांगू द्या, मध्ये उपाय सुचवू नका. त्याच्याकडे एक छोटं उत्तर तयार असू द्या: “माझ्या समाजाचं नाव ही शिवी नाही,” आणि तिथून सरळ बाईंकडे जायचं. शाळेला तोंडी नाही, लेखी कळवा, तारीख घालून, आणि पोच घ्या. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. लहान पोरांच्या भांडणात तो काढायची वेळ सहसा येत नाही, पण मोठी माणसं किंवा शिक्षकच तसं बोलत असतील तर तो तुमच्यासाठी आहे. आणि घरात आपली बोली बोला. पोराला तिची लाज वाटू देऊ नका.

ताई, तुमचा मुलगा पुन्हा कधीतरी असं काही बोलेल. एका बोलण्याने हे निघत नाही. तेव्हा ओरडू नका, हसून सोडूही नका. तिथल्या तिथे, शांतपणे म्हणा, “आपल्या घरात असं बोलत नाहीत,” आणि कारण नंतर एकट्याला सांगा. हे काम तुमच्या यजमानांनीही करायला हवं. सालदाराशी हिशोब ते करतात, कामं ते सांगतात, आणि मुलगा मोठ्या माणसाशी कसं बोलायचं हे बापाकडूनच उचलतो आहे. त्यांनी त्याला ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ म्हणायला सुरुवात केली तर पोराला वेगळं सांगावं लागणार नाही.

एक घाई मात्र आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल संपतं. ते कुटुंब पुढच्या सालाला तुमच्याकडे राहील की दुसऱ्या गावी जाईल, हे तेव्हा ठरेल, आणि गेलं तर तो मुलगा ती हसणारी खोली बरोबर घेऊन जाईल. त्यांच्या खोलीवर जायचं आहे ते आखाजीच्या आधी जा, आणि सालाच्या, पैशाच्या बोलण्याला त्यात जोडू नका.